रड्याचं घर आणि जाड्याची सोबत: स्टॅन लॉरेलबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लॉरेल-हार्डीच्या सिनेमांबद्दल बोलणारे पुष्कळ भेटतात. पडदा पडल्यावर हे दोघं कुठे जायचे, कुणाबरोबर जेवायचे, एकमेकांच्या घरी येणंजाणं होतं का, हे मात्र लोक जरा चाचरतच विचारतात. गेली कित्येक वर्षं मी या जोडीबद्दल मिळेल ते वाचत आलोय आणि मित्रमंडळींत तेच तेच प्रश्न ऐकत आलोय. त्यातले नेहमीचे इथे घेतलेत. भर स्टॅनवर आहे, पण त्याच्याबद्दल बोलताना हार्डी येणारच.

आधी एक सांगा, जाड्या कोण आणि रड्या कोण?

जाड्या म्हणजे ऑलिव्हर हार्डी, रड्या म्हणजे स्टॅन लॉरेल. मराठीत ही नावं कुणी पाडली कोण जाणे, पण मूळ नावांपेक्षा तीच घरोघरी रुळली. माझी आजी तर स्टॅनला नुसतं ‘ते गरीब बिचारं’ म्हणायची. गंमत अशी की डोक्यावरचे केस ओढत, तोंड वेडंवाकडं करत रडण्याची जी लकब त्याची ओळख झाली, ती त्याला स्वतःला फारशी आवडत नसे. प्रेक्षक हसायचे म्हणून त्याने ती ठेवली.

ते दोघं खऱ्या आयुष्यात मित्र होते का?

होते, पण आपल्याला वाटतं तसे पहिल्यापासून नव्हते. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे.

१९२७ साली हॉलिवूडजवळच्या कल्व्हर सिटीत, हॅल रोच यांच्या स्टुडिओत ही जोडी जमली. पुढे दोघांनी मिळून शंभरावर चित्रपटांत काम केलं. त्या वर्षांत त्यांचं एकमेकांशी उत्तम जमायचं, सेटवर कधी आवाज चढला नाही. पण शूटिंग संपलं की वाटा वेगळ्या. हार्डी थेट गोल्फच्या मैदानावर जायचा. त्याला गोल्फचं वेड होतं आणि तो खेळायचाही फार चांगलं. घोड्यांच्या शर्यती, पत्ते, उत्तम स्वयंपाक, चारचौघांत गाणं हे त्याचे शौक. स्टॅन मात्र तेव्हा एडिटिंगच्या खोलीत असायचा. दिवसभराचं चित्रीकरण बघायचं, कुठे हशा येईल, किती वेळ टिकेल याचा अंदाज बांधायचा, दुसऱ्या दिवशीच्या विनोदांवर लेखकांबरोबर बसायचं. सुट्टी मिळाली की बोट घेऊन समुद्रात मासे पकडायला. एकाला माणसांचा घोळका लागे, दुसऱ्याला पाणी आणि शांतता.

तेव्हा ते उत्तम सहकारी होते. जिवलग झाले ते पन्नाशी उलटल्यावर. सिनेमे कमी झाले आणि १९४७ पासून ब्रिटनच्या नाट्यगृहांचे दौरे सुरू झाले. महिनोन् महिने एकाच आगगाडीतून प्रवास, एकाच हॉटेलात मुक्काम, शेजारीशेजारी मेकअपच्या खोल्या, बरोबर दोघांच्या बायका. वीस वर्षं शेजारी उभं राहून काम केलेल्या माणसाची खरी ओळख त्यांना या प्रवासात पटली. मला या जोडीतलं सगळ्यात हृद्य काही वाटत असेल तर ते हेच.

स्टॅनला हार्डीच्या दुप्पट पैसे मिळायचे म्हणे. त्यावरून कधी बिनसलं नाही?

रोचकडे असताना स्टॅनचा पगार साधारण दुप्पट होता, हे खरं. हार्डीने त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही. स्टॅन दुप्पट राबतो, हे तो रोज डोळ्यांनी बघत होता. विनोद कसा सुचला असं पत्रकारांनी विचारलं की तो सरळ ‘स्टॅनला विचारा’ म्हणायचा. हा मनाचा मोठेपणा सोपा नाही. मानधनावरून फुटलेल्या जोड्या आपल्याकडेही कमी नाहीत.

स्टॅनचं लहानपण कसं होतं? घरी नाटकाचं वातावरण होतं का?

पुरेपूर. १६ जून १८९० रोजी इंग्लंडच्या उत्तरेला अल्व्हर्स्टन या छोट्या गावात, आजोळी, त्याचा जन्म झाला. खरं नाव आर्थर स्टॅन्ली जेफरसन. आई मार्गारेट नटी. वडील आर्थर जेफरसन नाटककार, नट आणि नाट्यगृहांचे व्यवस्थापक. सगळे त्यांना ‘ए. जे.’ म्हणायचे. आईबाप फिरतीवर, त्यामुळे सुरुवातीची वर्षं आजी-आजोबांकडेच गेली.

१९०६ सालचा ग्लासगोमधला प्रसंग सांगायलाच हवा. सोळा वर्षांच्या स्टॅनने वडिलांना न सांगता एका लहानशा नाट्यगृहात पहिला विनोदी प्रयोग ठरवला. अंगात घालायला वडिलांचीच नवी कोरी विजार पळवली आणि ती आखूड कापली, त्यांचाच लांब कोट आणि उंच टोपी घेतली. प्रयोग बरा चालला होता. तेवढ्यात त्याचं लक्ष प्रेक्षकांकडे गेलं, तर समोर वडील उभे! तो घाईघाईने गाणं संपवून पळाला, टोपी पायदळी गेली, कोट खिळ्यात अडकून फाटला. आता काही खरं नाही असं मनाशी म्हणतच तो वडिलांच्या कचेरीत गेला. वडील थोडा वेळ गप्प बसले. मग एवढंच म्हणाले, की वाईट नव्हतं, पण हे सगळे विनोद तुला मिळाले कुठून? आणि त्यांनी पोराला आयुष्यातला पहिला व्हिस्की-सोडा देऊ केला. स्टॅनला रडू फुटलं.

म्हातारपणीही स्टॅन हा प्रसंग सांगायचा. त्याची आई दोनच वर्षांनी, १९०८ मध्ये गेली.

चार्ली चॅप्लिनशी त्याची मैत्री होती का?

तरुणपणी एका खोलीत राहण्याइतकी जवळीक होती. १९१० मध्ये फ्रेड कार्नोच्या नाटक कंपनीबरोबर दोघं एकाच जहाजाने अमेरिकेला गेले. चॅप्लिन मुख्य नट, स्टॅन त्याचा बदली नट. स्वस्तातल्या लॉजमध्ये खोलीत स्वयंपाक करायला बंदी होती. मग स्टॅन गॅसच्या दिव्याच्या ज्योतीवर तव्यात काहीबाही तळायचा, आणि त्याचा चुरचुर आवाज बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून चॅप्लिन जोरजोरात व्हायोलिन वाजवायचा.

पुढे चॅप्लिन आभाळाला टेकला आणि ही वाट तिथेच संपली. चॅप्लिनने आपल्या आत्मचरित्रात स्टॅनचा उल्लेखही केला नाही. स्टॅन मात्र शेवटपर्यंत त्याला सगळ्यांत मोठा विनोदी नट मानत राहिला. मला याचं वाईट वाटतं आणि ते लपवायचं कारण नाही.

जेफरसनचा लॉरेल कसा झाला?

मे डालबर्ग या ऑस्ट्रेलियन नटीमुळे. १९१७ च्या सुमारास दोघं रंगमंचावर जोडीने काम करू लागले आणि लग्न न करता एकत्र राहू लागले. ‘स्टॅन जेफरसन’ या नावात इंग्रजीत तेरा अक्षरं येतात, ती अशुभ, असं स्टॅनच्या मनाने घेतलं होतं. मेच्या सांगण्याप्रमाणे, इतिहासाच्या एका जुन्या पुस्तकात रोमन सेनापतीच्या चित्रात तिला डोक्यावर लॉरेलच्या पानांचा मुकुट दिसला आणि नाव सापडलं. १९२५ मध्ये दोघं वेगळे झाले. प्रत्येक सिनेमात मला काम द्या, हा मेचा हट्ट निर्मात्यांना नको होता. त्यातल्या एकाने तिला पैसे देऊन ऑस्ट्रेलियाला परत धाडलं. पुढे १९३० च्या दशकात तिने स्टॅनवर पोटगीसाठी दावाही लावला, तो तडजोडीने मिटला. नाव मात्र त्याला जन्मभर पुरलं.

त्याची लग्नं नक्की किती झाली?

बायका चार, त्यातल्या एकीशी दोनदा संसार. क्रम असा: १९२६ मध्ये लोइस नील्सन. मग व्हर्जिनिया रूथ रॉजर्स. पहिला घटस्फोट पक्का होण्याआधीच १९३४ मध्ये मेक्सिकोत जाऊन लग्न केलं आणि कायद्याची अडचण नको म्हणून १९३५ मध्ये पुन्हा केलं. १९३७ मध्ये तिच्याशी काडीमोड. १ जानेवारी १९३८ रोजी इलियाना या रशियन गायिकेशी लग्न, ते दोनेक वर्षांत संपलं. १९४१ मध्ये पुन्हा रूथ, १९४६ मध्ये पुन्हा वेगळे. आणि त्याच वर्षी मे महिन्यात इडा कितायेवा.

त्या काळच्या वर्तमानपत्रांनी या सगळ्याची भरपूर चविष्ट वर्णनं छापली. इलियानाबरोबरच्या भांडणांचे तर रकानेच्या रकाने भरले. त्यातलं किती खरं, किती तिखटमीठ, यात मी शिरत नाही. मला दिसतो तो एक अस्वस्थ माणूस. कामात काट्याइतका अचूक, घरात सतत काहीतरी निसटत असलेला. घटस्फोटाचे खर्च, पोटग्या, पुन्हा नवा संसार. पहिली बायको लोइस हिला सोडल्याची खंत त्याला बरीच वर्षं होती, असं त्याची चरित्रं सांगतात.

इडा आल्यावर हे थांबलं. तीही मूळची रशियन, गायिका, आणि आधीचा नवरा गेलेली. १९५० मध्ये फ्रान्समध्ये शेवटचा चित्रपट करताना स्टॅन इतका आजारी पडला की अंगावर मांस राहिलं नाही. मधुमेहही मागे लागला होता. त्या सगळ्यात तिने त्याला सांभाळलं. लग्नानंतरची जवळजवळ एकोणीस वर्षं, त्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत, दोघं एकत्र राहिली.

मुलं होती का?

दोन झाली, दोन्ही लोइसपासून. डिसेंबर १९२७ मध्ये मुलगी झाली, तिचंही नाव लोइस. मे १९३० मध्ये मुलगा झाला, स्टॅन्ली रॉबर्ट. तो दोन महिने आधीच जन्मला आणि नऊ दिवसांत गेला.

१९३० हे साल पुन्हा बघा. या जोडीचे बोलपट तेव्हा जोरात चालू होते. त्या वर्षीचा कुठलाही लघुपट लागला आणि स्टॅन हसवू लागला की मला ते नऊ दिवस आठवतात.

मुलगी लोइस मोठी झाली, तिने वडिलांच्या वस्तू आणि आठवणी जपल्या, चाहत्यांच्या मेळाव्यांना ती हौसेने जायची. हार्डीला ती ‘अंकल बेब’ म्हणायची. २०१७ मध्ये ती गेली.

बेब? हे कुठून आलं?

हार्डीचं टोपणनाव. फ्लोरिडात असताना एक इटालियन न्हावी दाढी करून झाली की त्याच्या गुबगुबीत गालांवर पावडर थापटत ‘नाइस बेबी’ म्हणायचा. सोबतच्या नटांनी ते उचललं, आणि बेबीचं बेब झालं. स्टॅनने त्याला खासगीत ऑली असं क्वचितच म्हटलं; त्याच्यासाठी तो कायम बेब.

स्टॅनच्या भावंडांबद्दल काही माहिती आहे का?

भाऊ टेडी अमेरिकेत त्याच्याजवळच होता, त्याची गाडी चालवायचा. डिसेंबर १९३३ मध्ये तो दात काढायला गेला आणि भुलीसाठी दिलेल्या वायूने खुर्चीतच दगावला. त्या वायूला लोक ‘हसवणारा वायू’ म्हणतात. याहून जास्त मला लिहवत नाही.

बहीण ओल्गा इंग्लंडात लेस्टरशरमधल्या बॉट्सफर्ड गावी ‘बुल इन’ नावाची खाणावळ चालवायची. १९५२ च्या नाताळात नॉटिंगहॅमला प्रयोग होते, तेव्हा स्टॅन आणि बेब दोघंही तिच्याकडे मुक्कामाला होते. जगभर ओळखले जाणारे हे दोन चेहरे खेड्यातल्या खाणावळीत बहिणीच्या पाहुणचारात बसलेत, हे चित्र मला फार आवडतं.

हार्डीच्या घरचं काय?

जन्म १८ जानेवारी १८९२, जॉर्जिया राज्यातलं हार्लेम गाव. तो वर्षाचाही नव्हता तेव्हा वडील गेले. आई एमिलीने हॉटेल चालवून मुलं वाढवली. हॉटेलच्या दिवाणखान्यात बसून येणाऱ्याजाणाऱ्यांना न्याहाळायची सवय त्याला तिथे लागली. टायशी खेळणारी बोटं, उगीच ठेवलेला रुबाब, ‘कसं सहन करावं या माणसाला’ अशा नजरेने कॅमेऱ्याकडे बघणं, या सगळ्याचं मूळ त्या हॉटेलात आहे. लहानपणी भाऊ सॅम नदीत बुडाला. याने त्याला बाहेर काढलं, पण वाचवता आलं नाही.

पहिलं लग्न १९१३ मध्ये पियानोवादक मॅडलिन हिच्याशी. दुसरं १९२१ मध्ये मर्टल रीव्ह्ज हिच्याशी. मर्टलला दारूचं व्यसन होतं आणि तो संसार दोघांनाही फार जड गेला. १९३७ मध्ये संपला. १९३९ मध्ये एका चित्रपटाच्या सेटवर स्क्रिप्टच्या नोंदी ठेवणारी व्हर्जिनिया ल्युसिल जोन्स गुंडाळून ठेवलेल्या गालिच्याला अडखळली, डोकं मोठ्या दिव्यावर आपटलं आणि तिला दवाखान्यात न्यावं लागलं. हार्डीने तिथे फुलं पाठवली. मार्च १९४० मध्ये दोघांनी लग्न केलं आणि ते सुखाचं झालं. त्याला मूल नव्हतं.

२०१८ च्या ‘स्टॅन अँड ऑली’ या चित्रपटात दोघांचं कडाक्याचं भांडण दाखवलंय. ते खरं आहे का?

नाही, ते पटकथेसाठी रचलेलं आहे. चित्रपट गोड आहे, त्यातल्या दोन्ही नटांची कामं अप्रतिम आहेत, पण असं चारचौघांत भांडण झाल्याचं त्यांच्या आयुष्याच्या नोंदींत नाही. त्यामागचं सत्य एवढंच: रोचने दोघांचे करार मुद्दाम वेगवेगळ्या तारखांना संपतील असे ठेवले होते, म्हणजे जोडी म्हणून एकत्र घासाघीस करता येऊ नये. स्टॅनचा करार संपला तेव्हा हार्डी अजून बांधलेला होता, म्हणून त्याला १९३९ मध्ये हॅरी लँग्डन या दुसऱ्या विनोदी नटाबरोबर एक चित्रपट करावा लागला. स्टॅनने त्याचा राग बेबवर धरला नाही. वाद होता तो मालकाशी.

आयर्लंडमधल्या घंटांचा किस्सा खरा आहे?

अगदी खरा. ९ सप्टेंबर १९५३. जहाज कोव बंदराला लागलं. दोघांनाही वाटत होतं की आपल्याला आता कोण ओळखणार. बघतात तर धक्क्यावर माणसंच माणसं, बंदरातल्या बोटींचे भोंगे वाजतायत, पोरं ओरडतायत. आणि मग टेकडीवरच्या सेंट कोलमन कॅथेड्रलच्या घंटांतून त्यांच्या सिनेमांची ती कोकिळेची धून वाजायला लागली. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि दोघंही रडले. हे स्टॅननेच पुढे सांगितलंय.

स्टॅन हार्डीच्या अंत्यसंस्काराला का गेला नाही?

तो स्वतः आजारी होता आणि डॉक्टरांनी मनाई केली होती.

मे १९५४ मध्ये प्लिमथला हार्डीला हृदयविकाराचा झटका आला आणि दौरा तिथेच थांबला. १९५५ मध्ये स्टॅनला पक्षाघात झाला, त्यातून तो सावरला. हार्डीने डॉक्टरांच्या सांगण्यावरून इतकं वजन उतरवलं की ओळखू येईना. सप्टेंबर १९५६ मध्ये त्याला मोठा पक्षाघात झाला आणि वाचा गेली. स्टॅन भेटायला जायचा. बोलता येत नव्हतं, म्हणून दोघं हातवारे करून, डोळ्यांनी बोलायचे. मूकपटांपासून सुरू झालेली ही जोडी. शेवटीही त्यांना शब्द लागले नाहीत.

७ ऑगस्ट १९५७ रोजी हार्डी गेला. स्टॅनने एवढंच म्हटलं, की बेब समजून घेईल. त्यानंतर त्याने कॅमेऱ्यासमोर किंवा रंगमंचावर कधीही काम केलं नाही. मागण्या आल्या, पैसेही मिळाले असते. पण घरी बसून तो दोघांसाठीचे प्रवेश लिहीत राहिला, बेब अजून असल्यासारखे.

शेवटी तो गरिबीत आणि एकटा होता, असं ऐकलंय.

हे दोन्ही चुकीचं. जुने चित्रपट टीव्हीवर सारखे दाखवले जात होते आणि त्यातला पैसा त्याला मिळत नव्हता, ही अन्यायाची गोष्ट खरी. तरी सांता मोनिकाला समुद्राकाठी ‘ओशियाना’ इमारतीत इडाबरोबर छोटा, नीटनेटका फ्लॅट होता.

एकटा तर मुळीच नव्हता. त्याचा नंबर टेलिफोन डिरेक्टरीत होता, सगळ्यांसारखा, नावासमोर. कुणीही फोन करावा, तो स्वतः उचलायचा, आणि बरेचदा ‘या ना घरी’ म्हणायचा. जगभरातून पत्रं यायची. तो रोज मेजाशी बसून टाइपरायटरवर स्वतः उत्तरं द्यायचा. ही पत्रं आज हजारोंनी सापडतात. तब्येत कशी आहे, अमुक जुना सहकारी गेल्याचं कळलं, तुमच्या मुलाची परीक्षा कशी झाली, असला घरगुती मजकूर. अनोळखी माणसाला मुलाच्या परीक्षेबद्दल विचारणारा हा जगप्रसिद्ध नट होता.

कोण कोण भेटायला यायचं?

विनोदी नट जेरी लुइस यायचा. त्याने स्टॅनला पगारी सल्लागार म्हणून बोलावलं, पण स्टॅनने नम्रपणे नकार दिला. मूकाभिनयाचा मोठा कलावंत मार्सेल मार्सो यायचा. टीव्हीवरचा विनोदी नट डिक व्हॅन डाइकने तर डिरेक्टरीत नाव शोधूनच पहिला फोन केला होता. पुढे त्याने आपल्या टीव्ही मालिकेत स्टॅनची नक्कल केली आणि कशी झाली म्हणून विचारलं. स्टॅनने बारीकसारीक सूचना दिल्या आणि म्हणाला, टोपी बरोबर नव्हती. माझीच मागायचीस ना, दिली असती.

१९६१ मध्ये मानद ऑस्कर मिळाला, तो त्याच्या वतीने नट डॅनी के याने स्वीकारला. ऑस्करच्या टकलू पुतळ्याला स्टॅन ‘मिस्टर क्लीन’ म्हणायचा. त्या नावाच्या फरशी पुसायच्या द्रावणाच्या बाटलीवर असाच टकलू माणूस असतो.

तो कसा गेला?

२३ फेब्रुवारी १९६५, हृदयविकाराने, वयाच्या ७४ व्या वर्षी. सांगतात की नर्स इंजेक्शन देत असताना तो म्हणाला, आत्ता बर्फावर स्कीइंग करत असतो तर बरं झालं असतं. तुम्ही स्कीइंग करता? नर्सने विचारलं. नाही, पण सुया टोचून घेण्यापेक्षा ते परवडलं. थोड्या वेळाने नर्स परत आली तेव्हा तो गेलेला होता.

अंत्यसंस्काराच्या वेळी डिक व्हॅन डाइक बोलला. मूकपटांचा थोर विनोदी नट बस्टर कीटन आला होता. तो म्हणाला, सगळ्यांत विनोदी चॅप्लिन नव्हता, मीही नव्हतो, हा माणूस होता.

इंग्लंडला गेलो तर काय बघता येईल?

अल्व्हर्स्टनला जा. तिथे लॉरेल-हार्डी संग्रहालय आहे आणि कोरोनेशन हॉलसमोर २००९ मध्ये उभारलेला दोघांचा पुतळा आहे. ज्या घरात स्टॅन जन्मला ते आर्गाइल स्ट्रीटवर आहे, साधं, रांगेतलं. अमेरिकेला गेलात तर हार्लेममध्ये हार्डीच्या नावानेही संग्रहालय आहे. पण वेळ एकाच ठिकाणापुरता असेल, तर मी कोवला जायला सांगेन. कॅथेड्रल टेकडीवर आहे, खाली बंदर दिसतं, आणि घंटा अजून वाजतात.